पोटगीच्या अर्जाआधी नोटीस लागू व्हावीच लागते का?

तासगावची आई
मुलगी दुसरीत आहे. नवरा पिंपरीला कामाला. वर्षभर मी माहेरी आहे, मुलीसाठी एक रुपया आलेला नाही. वकिलांनी पोस्टाने नोटीस पाठवली, पाकीट 'घर बंद' शेऱ्याने परत आलं. दुसरीवर 'घेण्यास नकार'. वकील म्हणतात, नोटीस लागू झाल्याशिवाय अर्ज टिकणार नाही, तिसरी पाठवू. शाळेचे बूटसुद्धा भावाच्या पगारातून येतात. खरंच थांबावं लागतं का? आणि केस पिंपरीलाच टाकायची का?

निवृत्त कोर्ट कर्मचारी
ताई, एक दिवसही थांबू नका. वकिलाच्या नोटिशीची अट कायद्यात नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये नव्हती, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्येही नाही. कायद्याला हवी ती कोर्टाची नोटीस, आणि ती अर्ज दाखल झाल्यावरच निघते. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितलंय. म्हणजे तिसऱ्या नोटिशीत जातील ते महिने मुलीच्या हक्काचे जातील. मला याचाच राग येतो. केस तुम्ही राहता तिथेच टाका, कलम 145 तशी मुभा देतं. ती दोन्ही पाकिटं शेऱ्यासकट जपून ठेवा.

तासगावची आई
कोर्टाचं समन्सही टाळलं तर? घरात सासूबाईच असतात.

निवृत्त कोर्ट कर्मचारी
पूर्वी घरातला सज्ञान पुरुषच लागायचा. आता नवरा सापडला नाही तर सोबत राहणाऱ्या सासूबाईंच्या हाती दिलेलं चालतं. तेही जमलं नाही तर दारावर चिकटवतात. मुद्दाम टाळतोय असं न्यायाधीशांना पटलं तर एकतर्फी आदेश होतो. अंतरिम पोटगी, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, अर्जासोबतच मागा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत त्यावर निर्णय द्यावा असं कायदा म्हणतो.

दोन मुलांची आई, लातूर
विधी सेवा प्राधिकरणात जा ताई, बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं. त्याची पगारस्लिप नसली तरी कंपनीचं नाव अर्जात लिहा. आणि आदेशानंतर हप्ता थकला तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करा. माझे काही महिने त्या मुदतीतच बुडाले.