मदत हवी आहे: फायबरच्या फोनवर दोन जुने फोन एकदम वाजत नाहीत

टिळकवाडी, बेळगाव. तांब्याची लँडलाइन सोडून दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलंय, फोनसकट. लँडलाइनला मोबाईलसारखं पोर्टिंग नाही, त्यामुळे ०८३१ चा जुना नंबर गेला, तो प्रश्न नाही.

अडलंय घरातल्या वायरिंगवर. खाली हॉलमध्ये एक फोन, माडीवर आईच्या खोलीत दुसरा, दोन्ही तारांच्या एकाच जोडीवर. बाहेरून येणारी तांब्याची जोडी आधी डब्यातून पूर्ण सोडवली (ती राहिली तर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट मोडेमच्या फोन पोर्टवर येतात, कुणी विसरू नका), मग पोर्ट घरच्या वायरिंगला जोडला. डायल टोन दोन्हीकडे, आवाज स्वच्छ. पण कॉल आला की खालचा वाजतो, माडीवरचा नुसता टिक टिक करतो.

करून पाहिलं: फोनांची अदलाबदल केली, तरी माडीवर तेच. खालचा काढला की माडीवरचा खणखणीत वाजतो. जॉइंटवरचा हिरवा गंज खरवडून नवे जोड दिले, फरक नाही. मोडेमवरचा लाल एलओएस (फायबरचा सिग्नल गेल्याचा) दिवा बंद आहे, म्हणजे फायबर ठीक. दोन्ही फोन खऱ्या घंटीचे, जुने. रिंगचा करंट पुरत नसावा असं वाटतं.

कॉर्डलेस नको, आईला ती मोठी घंटीच ऐकू येते. मोडेमचं अॅडमिन लॉगिन कंपनीकडे आहे. रिंगची ताकद कंपनीला तिकडून वाढवता येते का, की मध्ये रिंग बूस्टरच (रिंगला जोर देणारा डबा) बसवावा लागेल? आणि तो बेळगावात किंवा हुबळीत कुठे मिळेल?