सिव्हिलला 'एकात्मिक पाणी व्यवस्थापन' कंपल्सरी करा, लेसीला थोडी सुट्टी द्या

कातळावरचा
थर्ड इयर सिव्हिलला आहे, घर गुहागर तालुक्यात सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वाडीत. यंदा इलेक्टिव्ह निवडायचा होता तर अख्ख्या वर्गातनं आम्ही चौघांनी 'इंटिग्रेटेड वॉटर रिसोर्स मॅनेजमेंट' घेतला, बाकी सगळे कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटला. चौघांची बॅच होत नाही म्हणून विषयच रद्द, आम्हीही गपचूप तिकडे.

आता मला सांगा, आमच्याकडे वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस. जुलैत आमच्या विहिरीत नुसतं वाकून हाताने कळशी बुडते, आणि एप्रिल संपता संपता आई पहाटे चारला जाऊन बसते तेव्हा कुठे दोन कळश्या भरतात, त्याही गढूळ, मग शाळेपाशी टँकरची वाट. आणि मी परीक्षेला पाठ काय करतोय? केनेडीने 1895 साली पंजाबात अप्पर बारी दोआब कालव्यावरनं काढलेली क्रिटिकल व्हेलॉसिटी, म्हणजे कालव्यात गाळ बसणार नाही आणि तळही खरवडणार नाही असा पाण्याचा वेग, आणि लेसी नावाच्या इंजिनियरचा सिल्ट फॅक्टर, म्हणजे गाळाच्या कणावरनं काढायचा आकडा, 1.76 गुणिले कणाच्या व्यासाचं वर्गमूळ. सगळं गाळाच्या मैदानातलं. आमच्या सड्यावर जांभा दगड आहे हो, गाळ कुठला? जांभ्यात मुरलेलं पाणी पुढे जातं कुठे हे तीन वर्षांत एका सरांनी फळ्यावर काढलेलं नाही.

इंटिग्रेटेड म्हणजे काय तर पाणी, जमीन, झाडोरा आणि वापरणारी माणसं यांचा हिशोब खोऱ्यागणिक एकत्र मांडायचा. ग्लोबल वॉटर पार्टनरशिपने 2000 साली याची व्याख्या दिली, आपल्या राज्याच्या 2003 च्या जलनीतीत खोरेनिहाय नियोजन आलं, 2005 ला पाणी नियमनाचं प्राधिकरण आलं. म्हणजे कायद्यात आहे, धोरणात आहे, फक्त जो पोरगा उद्या एस्टिमेट करणार त्याच्या सिलॅबसात ऑप्शनला. माझं मत, कंपल्सरी करा. बोला आता.

साइटवरचा
भावा कळकळ पोचली, पण मत चुकीचं. हे 'इंटिग्रेटेड' म्हणजे सेमिनारमधला शब्द आहे, चहा-बिस्किटाबरोबर चालतो. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण आठवतं? 2 जुलै 2019 ची रात्र, वीसच्या वर माणसं गेली. मातीचं धरण, गळतीची तक्रार गावाने आधीच केलेली, आणि फुटल्यावर मंत्री म्हणाले खेकड्यांनी पोखरलं. तिथे काय कमी होतं, स्टेकहोल्डरची मीटिंग? तिथे बांधातनं झिरपणारं पाणी माती घेऊन बाहेर येतंय का हे बघून त्याच दिवशी आरडाओरडा करणारा माणूस कमी होता. त्याला लागतं सॉइल मेकॅनिक्स. माझ्याकडे दरवर्षी फ्रेशर येतात, सस्टेनेबल सस्टेनेबल करत, आणि धरणाच्या सेक्शनवर फ्रिअ‍ॅटिक लाइन, म्हणजे बांधाच्या पोटात झिरपणाऱ्या पाण्याची वरची रेषा, काढ म्हटलं की पेन्सिल चावत बसतात. आधी बेसिक पक्कं करा. आहे तेच धड शिकवत नाहीत त्यात अजून एक विषय, म्हणजे अजून एक गाइड पाठ करून पास.

कातळावरचा
@साइटवरचा पण दादा तुम्हीच म्हणालात ना की तक्रार आधीच केलेली. म्हणजे गळती कळली होती! ज्यांना कळली त्यांचं ऐकून काम करण्याची काही सिस्टीमच नव्हती. मीही तेच म्हणतोय.

साइटवरचा
ती सिस्टीम कॉलेजात शिकवून येत नाही रे. ती सस्पेंड होण्याच्या भीतीने येते.

वहाळकाठ
आमच्या मालवणात ह्या सगळा इंटिग्रेटेड आधीच झाला हा, फक्त उलट्या बाजून. आमची बावडी दर्यापासून तीनशे पावलार. आजो लाटेन, म्हणजे बावडीवरच्या तरफेच्या लाकडान, पाणी काढी, माडांका पुरा आणि पिऊक गोड. मगे बापाशीन पंप लावल्यान, शेजाऱ्यान बघून मोठो लावल्यान, मगे एका रिसॉर्टवाल्यान बोर मारल्यान, आता मे महिन्यात च्याय केलंय तर खारट लागता. ह्येचा शिक्षण खय गावता ता सांगा, पोरग्याक धाडतंय.

माजी उपअभियंता
वरच्या मालवणकरांचं उत्तर बारावीच्या फिजिक्समधे आहे. गोडं पाणी हलकं, खारं जड, म्हणून किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर विहिरीची पातळी एक मीटर असेल तर खाली साधारण चाळीस मीटर गोडं पाणी, हे घायबेन आणि हर्झबर्गचं गणित. आता याच्याकडे उलटं बघा. पंपाने पातळी अर्धा मीटर उतरवलीत की खालनं खारं पाणी वीस मीटर वर यायला बघतं. आजोबांची लाट दमायची म्हणून विहीर टिकली, पंप दमत नाही. आणि ही विहीर एकट्याची नाही, तिघांनी मिळून उपसा ठरवला तरच उपयोग. मी नोकरीत असताना हे कुणाला सांगायला गेलो तर म्हणायचे भूजल आमच्याकडे येत नाही, दुसऱ्या खात्याला लिहा.

कातळावरच्या, तुला एक टोला. लेसीला हसतोस, पण इंग्लिसचा फॉर्म्युला विसरलास? पूर किती येईल त्याचा, क्षेत्रफळ 'ए' चौरस किमीत घेऊन 124 ए भागिले (ए अधिक 10.4) चं वर्गमूळ. तो जुन्या मुंबई इलाख्यातला, आपल्या घाटमाथ्याच्या नद्यांवरनं काढलेला. म्हणजे पुस्तकात सगळंच पंजाबी नाहीये, तुमचे सर ते पान वगळतात ही गोष्ट वेगळी.

आणि 'खोरं हेच एकक' हे पण जरा जपून म्हण. कोयनेचं पाणी कृष्णेच्या खोऱ्यातलं, पाणीतंट्याच्या लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी पश्चिमेकडे वळवायला परवानगी दिली, ते बोगद्यातनं पोफळीला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीत येतं. आता वाशिष्ठीचं खोरं कुठनं कुठपर्यंत धरणार? 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं त्यात पाऊस किती, भरती किती, नदीतला गाळ किती आणि कोळकेवाडी धरणाचं पाणी किती, यावर आजही बाजारपेठेत चहा पिता पिता भांडण लागतं. चार खाती, चार उत्तरं. यासाठी विषय हवा म्हणतोस तर माझी सही घे.

पुण्यातला चाकरमानी
मुद्दे छान आहेत पण पॅकेज कोण बोलणार? मी पण सिव्हिल, गाव राजापूर, आता आयटीत. त्या साठ पोरांनी कन्स्ट्रक्शन घेतलं ते मूर्ख म्हणून नाही, घरी लोनचा हप्ता आहे म्हणून. आधी नोकऱ्या काढा, मग विषय कंपल्सरी करा.

दापोलीकर अ‍ॅग्री
सिव्हिलवाल्यांना आज शोध लागला वाटतं 😀 आम्ही कृषी अभियांत्रिकीवाले मृद आणि जलसंधारण आधीपासून शिकतो. दापोली कृषी विद्यापीठाचा कोकण विजय बंधारा बघा कधीतरी, ओढ्यातलेच दगड नि मधे प्लॅस्टिकचा कागद, सिमेंटचं पोतं लागत नाही. पण त्याचं टेंडर किती रुपयांचं निघणार? म्हणून सिव्हिलला तो आवडत नाही.

आणि जांभ्याचं उत्तर देतो. जांभा चाळणी आहे, त्याच्या खाली चिकण मातीचा थर. पाऊस जांभ्यातनं सरळ खाली जातो, त्या थरावर अडतो आणि सड्याच्या कडेला पायथ्याशी झरा म्हणून बाहेर पडतो. आमच्या शेजारच्या गावात एका योजनेत सड्यावर तळं खणलं, देशावरचंच डिझाइन, उद्घाटनाला पाणी होतं, दिवाळीला त्यात पोरं क्रिकेट खेळत होती. तेच पैसे खालच्या झऱ्याला चेंबर बांधून ग्रॅव्हिटीने पाइप टाकायला घातले असते तर मार्चपर्यंत तरी वाडीला पाणी मिळालं असतं.

साइटवरचा
@दापोलीकर अ‍ॅग्री टेंडरचा टोमणा मान्य, आवडत नाही. पण बघ, तू जे सांगितलंस ते जिऑलॉजी आहे, आम्हाला सेकंड इयरला असते. नवीन विषय कशाला, तीच नीट शिकवा की.

शाळेतल्या बाई
मी इंजिनियर नाही, त्यामुळे चुकलं तर सांगा. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात कुठल्याशा कॉलेजची मुलं पाण्याचा सर्व्हे करायला आली होती. सकाळी अकराला देवळाच्या पायरीवर बसली, समोर जे पुरुष होते त्यांना विचारलं, विहिरीला पाणी कधीपर्यंत असतं? ते म्हणाले मेपर्यंत असतं की. फॉर्म भरला, सह्या झाल्या, मुलं गेली. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोर एक हात वाढवावा लागतो, होळीनंतर रात्रीचं पाणी साचू द्यावं लागतं, आणि रामनवमीला उत्तरेकडचा एकच झरा चालू असतो. पुढे त्याच विहिरीवर नळयोजना झाली. माणशी रोजचं 55 लिटर कागदावर, घरोघरी चकचकीत नळ, आणि एप्रिलमधे नळातनं फुस्स असा वारा. पाण्याबद्दलची 1992 ची डब्लिनची तत्त्वं आहेत ना, त्यात तिसरं तत्त्व बायकांबद्दल आहे म्हणे. मग विषय कंपल्सरी करा नाहीतर ऑप्शनला ठेवा, प्रश्न विचारायला पहाटे चारला विहिरीवर कोण येणार आहे तेवढं सांगा.

पुण्यातला चाकरमानी
बाई, हे वाचून गप्प बसलो.

कातळावरचा
बाईंचं वाचून माझं मत थोडं बदललं. नुसता लेक्चरचा विषय नको, साइटवरचे दादा म्हणतात तसं गाइड पाठ करून पास होतील. एक वाडी, एक विहीर, वर्षभर दर आठवड्याला पातळी मोजायची, उपसा कोण किती करतो ते लिहायचं, खालचा झरा किती वाहतो ते बादली आणि मोबाइलच्या घड्याळाने बघायचं, आणि मार्क त्यालाच. पण कंपल्सरीच, त्यावर मी ठाम आहे, कारण ऑप्शनला ठेवलं की काय होतं ते वर लिहिलंय. कॉलेज करो न करो, मी 1 जूनपासून घरच्या विहिरीवर सुरू करतोय, सुंभाच्या दोरीला हातभरावर गाठी मारून ठेवल्यात.

साइटवरचा
हे चालेल. कंपल्सरीला माझा विरोध कायम, पण रविवारी साइटवर ये, मातीच्या बंधाऱ्याचं काम चाललंय, फ्रिअ‍ॅटिक लाइन कागदावर नाही डोळ्यांनी दाखवतो. गमबूट आण, तुझ्या मापाचे माझ्याकडे नाहीत.

माजी उपअभियंता
दोरी नको रे. भिजली की तिची लांबी बदलते, तुझे सगळे आकडे वाया. स्टीलचा टेप घे, खालच्या मीटरभराला फळ्याचा खडू फास आणि विहिरीत सोड. कठड्याला कुठला आकडा आला तो लिही, वर काढल्यावर खडू जिथपर्यंत भिजला तो आकडा त्यातनं वजा कर. आणि मोजायला पहाटे जा, उपसा सुरू व्हायच्या आधी. आईला विचार किती वाजता.