स्क्रिप्टने डेटाबेस सर्व्हरची आवृत्ती तपासावी का?

कातळ (देवगड): आमच्या बागेची हापूस नोंदणीची साइट मीच पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली. शिल्लक पेट्या शून्याखाली जाऊ नयेत म्हणून टेबलात ‘चेक’ची अट घातली. घरच्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर ८.०, तिथे चोख चाललं. होस्टिंगवर ५.७ निघालं. ८.०.१६ च्या आधीचं मायएसक्यूएल ही अट वाचतं आणि गुपचूप सोडून देतं, एरर येतच नाही. ऐन एप्रिलात बागेत पेट्या ३२ आणि नोंदणी ४० ची! आठ गिऱ्हाइकांना फोन करून माफी मागितली. आता स्क्रिप्ट आधी सर्व्हरची आवृत्ती विचारते, जुनी असेल तर नोंदणीच उघडत नाही. हे प्रत्येकाने करावं.

खाडीकाठ (गुहागर): नाही पटत. मारियाडीबी (मायएसक्यूएलमधूनच निघालेला दुसरा डेटाबेस) ही अट १०.२ पासून पाळते, पण १० च्या मालिकेत ती जोडणीच्या वेळी स्वतःच्या आवृत्तीपुढे ‘५.५.५-’ लावून पाठवते, जुन्या रेप्लिकेशनशी (एका सर्व्हरचा डेटा दुसऱ्यावर उतरवण्याशी) जुळावं म्हणून. तुमची स्क्रिप्ट तिला ५.५ समजून भर हंगामात दार लावेल. त्यापेक्षा तीच ‘चेक’ची अट घालून तात्पुरतं टेबल करा, त्यात उणे एक टाका. घेतलं, तर सर्व्हर कामाचा नाही.

कातळ: ‘सिलेक्ट व्हर्जन’ने विचारलं की तो उपसर्ग येत नाही, तसं करेन. पण तात्पुरत्या टेबलाचा अधिकार शेअर्ड होस्टिंगवर मिळेलच असं नाही. शिवाय उद्या ‘रो नंबर’ (ओळींना क्रमांक देणारं, ५.७ मध्ये नसलेलं फंक्शन) वापरलं की आणखी एक चाचणी लिहा.

माडाखाली (मालवण): आवृत्ती तपासा, पण साइट चढवताना आणि होस्टिंग बदलल्यावर. पानावर छापू नका, लॉगमध्ये ठेवा. जुन्या सर्व्हरच्या त्रुटी जगजाहीर असतात. आणि ‘क्लायंट इन्फो’ विचारू नका. ती पीएचपीतल्या जोडणीच्या लायब्ररीची आवृत्ती. आमच्या न्याहारी-निवासाच्या साइटवर तिथे ८.२ दिसलं म्हणून मी निर्धास्त राहिलो, सर्व्हर ५.७ च होता.

खाडीकाठ: लॉगमध्ये असू दे, पण आकड्यावरून दार लावू नका. कातळभाऊ, पेट्या वजा करणाऱ्या ‘अपडेट’मध्येच ‘व्हेअर शिल्लक मागणीइतकी किंवा जास्त’ घाला आणि किती ओळी बदलल्या ते बघा. शून्य आलं तर ऑर्डर घेऊ नका. हे ५.७ वरही चालतं.

कातळ: हे आज रात्रीच घालतो. आवृत्तीची तपासणी मात्र काढणार नाही. ते आठ फोन मी केलेत.