हस्तलिखितावरचं बोलणं : विदर्भातल्या गावाकडचे अनुभव

पुस्तक निघालं की सत्कार होतो, फोटो येतात. त्याआधी लेखक, संपादक आणि प्रकाशक यांच्यात काय बोलणं झालं, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. पुस्तक घडतं ते त्याच बोलण्यात, असं मला मनापासून वाटतं. म्हणून गावाकडे राहून लिहिणाऱ्या-छापणाऱ्या मंडळींना आग्रहाने लिहायला सांगतो आहे. तक्रार असेल तर नाव घेऊ नका, एवढीच विनंती.

दर्यापूर तालुका, कथाकार

माझ्या कथेतली माणसं वऱ्हाडी बोलायची आणि निवेदन प्रमाण मराठीत होतं. संपादकबाई पुण्याच्या. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "ही गोष्ट सांगतोय कोण?" मी म्हटलं, सालदाराचा पोरगा. "मग तो आमच्याशी एवढं परकं का बोलतो? बापाशी तर असं बोलत नाही." त्या एका प्रश्नापायी अख्खी कथा नव्याने लिहिली.

रात्री जेवणं झाली की फोन आणि एकेक वाक्य मोठ्याने वाचणं. खारपाणपट्टा कशाला म्हणतात, याची तळटीप त्यांना हवी होती. मी नको म्हणत होतो. मग त्यांनीच तोडगा काढला. घरी आलेला पाहुणा विहिरीच्या पाण्याचा घोट घेतो आणि थुंकून टाकतो, एवढं दुसऱ्या परिच्छेदात आलं. तळटीप गेली.

पुढे अक्षरजुळणीत वेगळंच निघालं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना 'ऱ्ह' तुटला. कापसाच्या मुलखातली गोष्ट, पानोपानी पऱ्हाटी, आणि प्रत्येक पऱ्हाटी मधोमध मोडलेली! वर जुळणी करणाऱ्याने 'डोये'चे 'डोळे' आणि 'मले'चं 'मला' करून ठेवलं होतं. बाईंनी सगळं प्रूफ पुन्हा वाचलं, बोलीतल्या शब्दांची यादी केली आणि ती जुळणीवाल्याच्या टेबलासमोर चिकटवायला लावली. ज्या बोलीत आपण वाढलो नाही, तिच्यासाठी कुणी एवढं भांडतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मोर्शी, कवयित्री

मला एका प्रकाशकाने फोनवर आधी मी किती पैसे द्यायचे तो आकडाच सांगितला. संपादन कोण करणार विचारलं, तर म्हणे, "ताई, कवितेला कुठं संपादन लागतं?" आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे वेगळे मागितले. तो आपल्या देशात मोफत मिळतो. मी वही परत मागवली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेसाठी पाठवली.

आणि करार वाचा हो! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी, सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. 'कायमचे सर्व हक्क' असं छापलेलं दिसलं तर सही करण्याआधी बोला, भांडायची वेळ आली तरी बोला.

यवतमाळ जिल्हा, प्रकाशक

ताईंचं वाचून वाईट वाटलं. आमचा हिशोब उघड आहे. १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे १२८ पानांचं पुस्तक ८ फर्म्यांचं. ३०० प्रती काढतो. बऱ्याचशा वाचनालयांत जातात, उरलेल्या संमेलनांत.

२०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याला ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. तिथे एका शेतकऱ्याने बरीच पुस्तकं उलटीपालटी केली आणि मला विचारलं, "भाऊ, शेवटी शेतकरी मरत नाही असं एखांदं पुस्तक हाये का?" मी कथासंग्रह चाळत बसलो. आत्महत्या हे आमच्याकडचं जळजळीत सत्य आहे, त्यावर लिहायलाच हवं. पण विदर्भाकडून तेवढंच अपेक्षित आहे असं धरून बरेचजण लिहितात, आणि शहरातले काही संपादकही तेच मागतात. डवरणीच्या (पिकातल्या कोळपणीच्या) दिवसांतली थट्टा, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) पेटलेलं भावाभावांचं भांडण, बाजाराच्या दिवशीचं प्रेम, हे कोण लिहिणार? आता हस्तलिखित आलं की लेखकाला मी आधी हेच विचारतो, हा शेवट तुम्हाला दिसला म्हणून लिहिला, की लोकांना हवा म्हणून? काहीजण रागावतात. एकाने तीन महिन्यांनी वेगळा शेवट पाठवला, आणि तो फार चांगला होता.

देसाईगंज (वडसा), नाटककार

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, संपादन प्रेक्षकच करतात. दिवाळीनंतर मंडई-शंकरपटाचा, म्हणजे गावजत्रा आणि बैलांच्या शर्यतींचा, हंगाम लागला की रात्रभर नाटक. कुठला प्रवेश पडला ते नट सकाळीच सांगतात, दुपारी मी तो बदलतो. संहिता छापायची ठरली तेव्हा संपादकाने विचारलं, "कोणती छापू? दिवाळीतली की होळीतली?" होळीतलीच दिली.

मेहकर, विद्यार्थी

माझी कादंबरी अर्धी झाली आहे. पण वऱ्हाडी समजणारा संपादक कुठे शोधू?

यवतमाळ जिल्हा, प्रकाशक

बापू, पहिली तीस पानं मला पाठव. त्याआधी ती घरात आजीला नाहीतर मावशीला वाचून दाखव. "असं नाई म्हनत बावा" असं त्या जिथे म्हणतील तिथे पेन्सिलने खूण कर, दुरुस्त करू नकोस. त्या खुणांवरून आपण बोलू. तूर काढणीला आली की मी दिवसभर वावरात असतो, तेव्हा फोन रात्रीच कर.