'धूळ मोजणाऱ्यां'तर्फे उत्तर

खगोलवेडा: 'दुसऱ्या ताऱ्यांचे धूमकेतू नि चंद्र शोधणं म्हणजे धूळ मोजणं, आधी पृथ्वीसारखा ग्रह शोधा' असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलं. अहो, बीटा पिक्टोरिस या ताऱ्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या रेषा येता-जाताना दिसल्या, त्या ताऱ्याकडे कोसळणाऱ्या धूमकेतूंच्या असाव्यात असं मांडलं गेलं १९८७ साली. सूर्यासारख्या ताऱ्याचा पहिला पक्का ग्रह, ५१ पेगासी बी, १९९५चा. कोण आधी? २०२२ मध्ये तर टेस या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींवरून तिथल्या ३० धूमकेतूंच्या गाभ्यांचा आकार काढला, साधारण ३ ते ८ किलोमीटर. तेही ६३ प्रकाशवर्षांवरून!

कोरडा_पाषाण: ठोकणारा मीच. गाभा कुणी पाहिला? ताऱ्याचा प्रकाश जरा झाकोळलेला दिसला, बाकी गणित. आणि चंद्रांवर गप्प का? केप्लर-१६२५बी या ग्रहाच्या चंद्राचा २०१८ साली केवढा गाजावाजा! पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने हबलचा तोच डेटा तपासला, तर चंद्र गायब.

खगोलवेडा: चंद्र दिला तुम्हाला, ठेवा. धूमकेतूंचं बोला.

रात्रपाळी: केआयसी ३५४२११६ हा तारा विसरलात? त्याच्या धूमकेतूंची खूण थॉमस जेकब्स या हौशी माणसाने केप्लर दुर्बिणीने टिपलेले ताऱ्यांच्या प्रकाशाचे आलेख नुसत्या डोळ्यांनी चाळून काढली. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की आलेख वाटीसारखा. इथे प्रकाश झपकन उतरतो आणि रेंगाळत वर येतो, मागे शेपूट असते ना. आमच्या ऑफिसात मात्र सॉफ्टवेअर आलं म्हणून तपासणीची माणसं काढली. आता त्याच्या चुका निस्तरायला रात्री आम्ही.

पायथॉनपंत: ऑफिसचं रडगाणं इथे कशाला? केप्लरचे सगळे आलेख काय डोळ्यांनी बघत बसायचे?

रात्रपाळी: त्याने बघितले. सुमारे दोन लाख ताऱ्यांचे.

पायथॉनपंत: मग द्या पद्मश्री! टेसचा ढिगारा कोण उपसणार, तुम्ही? प्रोग्रामला आकार शिकवला की तो रात्रभर कुरकुर न करता शोधतो.

रात्रपाळी: कुरकुर कुणाला म्हणता? आणि शिकवायला तो आकार आधी कुणाच्या तरी नजरेत भरावा लागतो, पंत. माझ्या साहेबालाही हेच कळत नाही.

कोरडा_पाषाण: तुमचं साहेबपुराण आवरा. १९८७चं मान्य, बापडा मी. पण 'धूमकेतू सापडला' ऐवजी 'धुळीचा ढग' लिहायला काय जातं?

खगोलवेडा: कॅल्शियमच्या त्या रेषा वायूच्या आहेत, धुळीच्या नाहीत. आता बोला.