स्नॅपशॉट असताना वेगळ्या बॅकअपची गरज उरते का?

मूळ मांडणी
इंदूरच्या आमच्या अभ्यासगटात नव्या मुलांना एचबेस या अनेक संगणकांवर पसरलेल्या डेटाबेसमधील स्नॅपशॉट म्हणजे 'टेबलचा बॅकअप' असे सांगण्याचा प्रघात पडला आहे, आणि माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. स्नॅपशॉट घेताना डेटाची प्रत होतच नाही. टेबलचे रीजन (म्हणजे टेबलचे पाडलेले भाग) कोणते आणि त्यांचा डेटा कोणकोणत्या एचफाइलींत (एचबेसच्या साठवणीच्या फाइलींत) आहे, एवढीच नोंद होते. एचफाइल एकदा लिहिली की बदलत नाही, म्हणून ही नोंद पुरते आणि अवाढव्य टेबलचा स्नॅपशॉटही पाहता पाहता तयार होतो. पुढे कॉम्पॅक्शनमध्ये जुन्या फाइलींची एक नवी फाइल झाली की जुन्या फाइली आर्काइव्ह नावाच्या वेगळ्या डिरेक्टरीत जातात. त्यांपैकी ज्यांना एखाद्या स्नॅपशॉटचा आधार आहे त्या टिकतात, बाकीच्या मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांनंतर पुसल्या जाऊ शकतात. थोडक्यात, टेबल आणि स्नॅपशॉट एकाच एचडीएफएसवरील (एचबेसखालच्या फाइल-साठवणीवरील) फाइलींवर उभे असतात. एचडीएफएस फाइलीच्या प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे ब्लॉकच्या, सहसा ३ प्रती ठेवत असले, तरी कोणी या फाइलींची डिरेक्टरीच उडवली तर तिन्ही प्रती जातात.

प्रतिसाद, विजयनगर
वर्णन अचूक आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. माझ्या पाहण्यात डेटा गेला तो बहुतेक वेळा माणसाच्या हातून गेला. येथील एका वाहतूक कंपनीत रात्रीच्या जॉबने बिल्ट्यांच्या (माल पाठवल्याच्या पावत्यांच्या) टेबलमधील पोहोच-तारखेचा रकाना कोरा केला होता. स्नॅपशॉट रिस्टोअर करायचा, म्हणजे टेबलच जुन्या स्थितीला न्यायचे, तर टेबल बंद करावे लागले असते आणि मधल्या बिल्ट्याही गेल्या असत्या. त्याऐवजी आम्ही संध्याकाळच्या स्नॅपशॉटवरून वेगळ्या नावाचे टेबल क्लोन केले आणि तेवढाच रकाना त्यातून भरून घेतला. चालू नोंदी एक क्षणही थांबल्या नाहीत. हे काम बॅकअपचे नाही, तर कशाचे?

मूळ लेखक
ते काम मोलाचे होते, परंतु क्लस्टर, म्हणजे एचबेस चालवणारा संगणकांचा गट, शाबूत होता म्हणूनच ते झाले. एक्सपोर्टस्नॅपशॉट चालवून त्याच फाइली दुसऱ्या क्लस्टरवर नेल्या, तर त्या प्रतीला मी आनंदाने बॅकअप म्हणेन, त्याआधी नाही.

प्रतिसाद, राजेंद्रनगर
दोघांच्याही बोलण्यातून 'तो क्षण', म्हणजे स्नॅपशॉट नेमका कोणत्या क्षणाचा हा मुद्दा, निसटतो आहे. चालू टेबलचा स्नॅपशॉट घेताना प्रत्येक रीजन आपापल्या वेळी मेमस्टोअर फ्लश करतो, म्हणजे मेमरीतल्या ताज्या नोंदी फाइलीत उतरवतो. सगळे रीजन एकाच क्षणी थांबत नाहीत. समजा, बिल्टी पहिल्या रीजनमध्ये त्याचे फ्लश झाल्यावर लिहिली गेली आणि लगेच तिच्या भाड्याची नोंद दुसऱ्या रीजनमध्ये, त्याचे फ्लश होण्याआधी, झाली. मग स्नॅपशॉटमध्ये भाडे सापडते, बिल्टी सापडत नाही. शिवाय एक्सपोर्टने हे दुरुस्त होत नाही, कारण तीच विसंगती जशीच्या तशी दुसऱ्या क्लस्टरवर पोहोचते.

प्रतिसाद, विजयनगर
हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही तो स्नॅपशॉट टाकून देण्याचे कारण ठरत नाही, कारण क्लोन केलेल्या टेबलवर बिल्टी आणि भाडे यांचा ताळा घेऊन अशा नोंदी शोधता येतात.

मूळ लेखक
ताळा घेता येतो, हे खरे. पण ज्याला 'हा बॅकअप आहे' एवढेच शिकवले आहे, तो ताळा घ्यायला जाणारच नाही. म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्याच तासाला मुलांकडून टेबल क्लोन करून घ्यावे, मूळ टेबलवर कॉम्पॅक्शन चालवावे आणि आर्काइव्हमध्ये कोणत्या फाइली उरल्या ते त्यांनाच उघडून पाहू द्यावे.