मदत हवी आहे: शॉर्टब्रेड कुकीज ओव्हनमध्ये पसरतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात

साखरफुटाणे

नमस्कार मंडळी. बिनअंड्याच्या साध्या शॉर्टब्रेड कुकीज करते आहे, पण ट्रेमध्ये ठेवलेला आकार टिकत नाही. पसरून एकमेकींना चिकटतात, कडा लाल होतात आणि मधला भाग कच्चट राहतो. डब्यात भरल्या की दुसऱ्या दिवशी मऊ.

प्रमाण: १०० ग्रॅम पिवळं खारं बटर, अर्धी वाटी पिठीसाखर, दीड वाटी मैदा. बटर रूम टेंपरेचरला आणून साखरेबरोबर हँड मिक्सरने पाच मिनिटं फेटते, मग मैदा घालून गोळा, पोळीसारखं लाटून वाटीने गोल कापते. १८० डिग्रीला २० मिनिटं. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) १९ लिटरचा, पंखा नसलेला. घर गोरेगावला, स्वयंपाकघरात एसी नाही. नेमकं काय बदलू?

लोणकढी

सगळ्यात आधी ते 'रूम टेंपरेचर' विसरा. ज्या थंड देशांतून या पाककृती आल्या तिथे त्याचा अर्थ १८ ते २० डिग्री असा असतो. तुमच्या स्वयंपाकघरात ३०-३२ डिग्री असणार आणि बटर साधारण ३२ ते ३५ च्या दरम्यान पुरतं वितळतं. म्हणजे तुम्ही फेटायला घेता तेव्हाच ते अर्धं तेल झालेलं असतं. असं बटर ओव्हनमध्ये गेलं की मैदा शिजून आकार धरायच्या आत वाहून जातं. पसरण्याचं मुख्य कारण हेच, मैद्याला उगाच दोष देऊ नका.

दुसरं, पाच मिनिटं फेटणं केकसाठी. शॉर्टब्रेडमध्ये हवा भरायची नसते. भरलेली हवा ओव्हनमध्ये फुगते, मग बसते आणि कुकी आणखी पसरते. साखर दिसेनाशी झाली की थांबायचं.

बटर फ्रिजमधून काढून तुकडे केले की मुंबईत पाच ते दहा मिनिटं पुरतात. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट तेलकट चकाकू नये.

बटरपेपर

तुमची वाटी किती मिलीलिटरची? दीड वाटी मैदा हा माणसागणिक १२० ग्रॅमपासून २०० ग्रॅमपर्यंत कितीही असू शकतो. शॉर्टब्रेडमध्ये जिन्नस तीनच, त्यामुळे चूक लपवायला जागा नाही. वजनकाटा घ्या.

स्कॉटलंडचं जुनं प्रमाण वजनाने १ भाग साखर, २ भाग बटर, ३ भाग पीठ. तुमच्या १०० ग्रॅम बटरला ५० ग्रॅम साखर आणि १५० ग्रॅम पीठ. त्या १५० मध्ये १२५ मैदा आणि २५ तांदळाची पिठी घ्या. पिठीत ग्लुटेन (मैद्याला चिवटपणा देणारं प्रथिन) नाही, त्यामुळे कुकी रवाळ, खुसखुशीत होते आणि पसरतेही कमी. उकडीच्या मोदकांची बारीक पिठी चालते, फक्त कोरडी हवी. बेकिंग पावडर, सोडा काही नको.

साखर दाणेदार वापरू नका. आपल्याकडची साखर जाड असते, ती इतक्या कमी ओलाव्यात विरघळत नाही आणि भाजताना वितळून कुकीला पसरवते. पिठीसाखर घरीच दळा, पण दळून लगेच चाळा आणि वापरा. पावसाळ्यात तासाभरात तिचे गोळे होतात.

साखरफुटाणे

धन्यवाद दोघांनाही. वाटी मोजली, १५० मिलीची आहे. म्हणजे मैदा कमीच पडत होता. पण ३ भाग पीठ घेतल्यावर गोळाच होत नाही, भुगा राहतो. दूध घालू का?

लोणकढी

अजिबात नको! दूध म्हणजे पाणी, आणि पाणी मिळालं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं. मग कुकी खुसखुशीत न होता बिस्किटासारखी कडक होते. बटरच्या चरबीने पिठाचे कण आधी माखले गेले, तरच त्यांच्यापर्यंत पाणी कमी पोहोचतं; सगळी खुसखुशी त्यावर उभी आहे.

भुगाच हवा. शंकरपाळ्यांच्या पिठात मोहन चोळल्यावर बघतो तसा मूठ आवळून मुटका वळून बघा. मुटका टिकला आणि बोटाने टोचल्यावर मोडला तर झालं. मुटका वळतच नसेल तर बटर फार गार आहे, दोन मिनिटं थांबून बोटांच्या टोकांनी पुन्हा चोळा. तळहात लावू नका, तळहात गरम असतात.

हात फार गरम असतील तर गार बटर किसणीवर किसून पिठात टाका. किंवा मिक्सरच्या भांड्यात पीठ, साखर आणि गार बटरचे तुकडे घालून थांबत थांबत आठ-दहा झटके द्या. सलग फिरवलंत तर पातं तापतं आणि बटर वितळतं.

बटरपेपर

लाटणं आणि वाटीने कापणंही काही दिवस सोडा. मुंबईत पीठ लाटेपर्यंत पोळपाटाला चिकटतं, मग आपण वरून मैदा भुरभुरतो, उरलेल्या कडा परत मळतो, आणि दुसऱ्यांदा लाटलेल्या कुकीज कडक होतात. त्यापेक्षा साच्यात दाबून करा. साच्याला भिंती असतात, पसरायचा प्रश्नच येत नाही.

६ इंची चौकोनी केकचा डबा घ्या. तळाला बटरपेपर, दोन बाजूंनी वर आलेला, म्हणजे नंतर उचलता येतो. वरच्या ३०० ग्रॅम मिश्रणाचा साधारण एक सेंटीमीटर किंवा थोडा जास्त जाड थर बसतो. वाटीच्या बुडाने घट्ट, सपाट दाबा. कोपरे सैल राहिले तर तिथेच भुगा पडतो. गोल डबा असेल तर ७ इंची घ्या आणि पिझ्झासारखे त्रिकोण कापा, स्कॉटलंडमध्येही तसं करतात.

काट्याने तळापर्यंत भोकं पाडा. ती नक्षी नाही, वाफ बाहेर जायला वाट आहे. नाहीतर मध्ये फुगवटा येतो. सुरीने तुकड्यांच्या रेघा आखून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

ओटीजी १५० डिग्रीला, दोन्ही कॉइल चालू, १५ मिनिटं आधी तापवा. मधल्या कप्प्यात ३५ ते ४० मिनिटं. बाहेर काढल्यावर गरम असतानाच आखलेल्या रेघांवरून कापा, गार झाल्यावर कापलं तर तुकडे वेडेवाकडे मोडतात. मग डब्यातच गार होऊ द्या. गरम शॉर्टब्रेड मऊच लागतं, म्हणून 'कच्चं राहिलं' म्हणून परत आत ढकलू नका.

गिरगावची_खारी

खाऱ्या बटरबद्दल कोणी बोललं नाही. पिवळ्या खाऱ्या बटरमध्ये १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम मीठ असतं. वरून मीठ घालायचं नाही, बस. चव मला तरी अनसॉल्टेडपेक्षा आवडते. पण एक गोम आहे. त्या बटरमध्ये रंग घातलेला असतो, त्यामुळे कच्ची कुकीसुद्धा सोनेरी दिसते. वरचा रंग बघून वेळ ठरवू नका. एक तुकडा उलटा करा, बूड फिक्या बिस्किटी रंगाचं हवं.

घरचं लोणी वापरायचा मोह आवरा. त्यात पाणी किती राहिलंय त्याचा नेम नसतो. विकतच्या बटरमध्ये निदान ८० टक्के चरबी ठरलेली असते.

मिक्सर_बंद_आहे

मग साजूक तूप? नानकटाई तर तुपातलीच असते ना.

गिरगावची_खारी

चालतं, पण ते वेगळं खातं. तुपात पाणी जवळजवळ नसतं, म्हणून १०० ग्रॅम बटरऐवजी ८० ग्रॅम तूप घ्या. तेही थिजलेलं, लोण्यासारखं. उन्हाळ्यात बरणीतलं पातळ तूप तसंच ओतलंत तर पुन्हा पहिलाच प्रश्न घेऊन याल. तुपाचं शॉर्टब्रेड जास्त भुसभुशीत होतं, उचलतानाच तुटतं, आणि बटरमधल्या दुधाच्या अंशामुळे येणारी खरपूस चव त्यात नसते. चिमूटभर मीठ मात्र घाला.

नानकटाईत बेसन, रवा आणि सोडा असतो, ती फुगून तडकावी हीच अपेक्षा. बेकरीवाले बहुतेक वेळा वनस्पती तूप किंवा मार्जरीन वापरतात, ते बटरपेक्षा जास्त तापमानाला वितळतं, म्हणून त्यांचा आकार भर मे महिन्यातही टिकतो. चवीत कोण जिंकतं ते मी सांगायला नको.

सोबो_ओव्हन

बटरपेपर, १५० ला माझं मत थोडं वेगळं. साच्यातल्या जाड थराला १५० बरोबर. पण सुट्या, ८ मिलीमीटर जाडीच्या कुकीजना १६० ला १८ ते २२ मिनिटं द्यावीत. फार कमी उष्णतेत त्या सेट होण्याआधी बटर गळतं. १८० मात्र दोन्हीला जास्तच, त्यानेच कडा लाल आणि मध्य कच्चा.

शिवाय लहान ओटीजीचा थर्मोस्टॅट सांगतो एक आणि आत असतं दुसरं; १५-२० डिग्रीचा फरक सहज निघतो. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर घ्या, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत मिळतो. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन मोडवर करणाऱ्यांनी पंख्यामुळे १५ ते २० डिग्री कमी ठेवावं. आणि तो मोड कन्व्हेक्शनच असल्याची खात्री करूनच धातूचा डबा आत ठेवावा.

साखरफुटाणे

साच्यात केल्या. कडा अजिबात लाल नाहीत, मध्यही शिजला, हाताने मोडल्यावर रवाळ तुटतात. आता मऊ पडण्याचं सांगा. आणि सुट्या गोल कुकीज करायच्याच असतील तर?

लोणकढी

मऊ पडणं ही हवेची करामत. साखर दमटपणा ओढते. पूर्ण गार व्हायच्या आत झाकण लावलं तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात, म्हणून जाळीवर तासभर. पण जुलैत रात्रभर उघड्यावर नको. घट्ट झाकणाचा डबा वापरा, आत एकच थर किंवा मध्ये बटरपेपर. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यांच्यावर पाणी धरतं. मऊ पडल्याच तर १४० डिग्रीला पाच-सात मिनिटं परत भाजून गार करा, पूर्ववत होतात. जास्त ठेवलंत तर रंग चढेल, म्हणून समोरून हलू नका.

बटरपेपर

सुट्यांसाठी मिश्रणाचा दोन इंच जाडीचा रोल करून क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, दोन तास फ्रिजमध्ये. मग ८ मिलीमीटरचे काप. प्रत्येक कापानंतर रोल थोडा फिरवा, नाहीतर एक बाजू चपटी होते. रोल फ्रीजरमध्ये महिनाभर राहतो. पाहुणे आले की हवे तेवढे काप. काप करताना कडा फुटत असतील तर रोल फार गार आहे, पाच मिनिटं बाहेर ठेवा.

आणि दुसरी खेप गरम ट्रेवर कधीच लावू नका. ट्रे उलटा करून नळाखाली धरा, पुसा, मग काप मांडा. पहिली खेप छान आणि दुसरी पसरली अशा तक्रारी बहुतेक वेळा यानेच येतात.

साखरफुटाणे

रोल केला आहे, फ्रिजमध्ये आहे. एक ट्रे ओव्हनमध्ये असताना उरलेले काप ओट्यावर ठेवले तर चालतील ना?

बटरपेपर

नाही. फ्रिजमध्येच ठेवा.